कारभाऱ्याची लेखणी

राज्य तलवारीने मिळते, असे सर्वच जण म्हणतात. मिळालेले राज्य चालते कशाने, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही. मराठ्यांच्या इतिहासाचा वाचक गडकोट, मोहिमा आणि लढाया यांत रमतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरात ज्याने पाऊल टाकले असेल, त्याला या इतिहासाचे दुसरे रूप दिसते. मोडी लिपीत लिहिलेल्या कागदांचे हजारो रुमाल तेथे बांधून ठेवलेले आहेत. त्यांत लढाईची वर्णने थोडी. कोणी कोणाला काय काम सांगितले, ते काम झाले की नाही, झाले नसल्यास का झाले नाही, पैसा कोठे अडला, बातमी कोठे खोळंबली, कोण रुसला आणि त्याची समजूत कोणी घातली, हाच त्या कागदांचा बहुतेक विषय आहे. शेकडो कोसांवर पसरलेल्या माणसांकडून एका विचाराने काम करून घेणे हे मोठे कठीण कर्म आहे, आणि ते साधण्यासाठी त्या काळच्या कारभाऱ्यांपाशी साधन होते एकच : बोरूची लेखणी. ती ज्यांनी जाणतेपणाने चालविली त्यांचे राज्य वाढले. जेथे ती अडखळली तेथे मोठमोठ्या फौजाही निरुपयोगी ठरल्या.

शिवछत्रपतींची जी पत्रे आज उपलब्ध आहेत, त्यांत १६७४ च्या मे महिन्यातील एक पत्र या दृष्टीने फार मोलाचे आहे. राज्याभिषेकाचा समारंभ अगदी जवळ येऊन ठेपलेला. रायगडावर त्याची सिद्धता चालू असताना चिपळूणच्या बाजूला घोडदळाची छावणी पडली होती. त्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना महाराजांनी हे पत्र पाठविले. विषय तसा किरकोळ : पावसाळ्यासाठी साठविलेले धान्य आणि गवत जपून वापरा, एवढाच. एखाद्या सामान्य अधिकाऱ्याने हा हुकूम दोन ओळींत उरकला असता. महाराजांनी तसे केले नाही. आज हाताशी आहे म्हणून मनमानेल तसा दाणागोटा उधळला, तर भर पावसात काय होईल, याचे चित्रच त्यांनी शिपायांपुढे उभे केले. साठा संपेल, घोडी उपाशी मरू लागतील. म्हणजे ती तुम्हीच मारली असे होईल. मग पोट जाळण्यासाठी तुम्ही गावांत शिराल. कोणी कुणब्याचे दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा, कोणी भाजी. जीव मुठीत धरून कसेबसे राहिलेले कुणबीही मग गाव सोडून जातील, काही उपाशी मरतील, आणि मुलखात आलेल्या मोगलांपेक्षाही तुम्ही अधिक वाईट, असे त्यांना वाटेल.

याच पत्रात आगीची सूचना आहे. गवताच्या गंजीजवळ चूल पेटवू नका, वाऱ्यात आगट्या करू नका, तंबाखू ओढताना विस्तव सांभाळा. आणि रात्री दिवा जळत ठेवून झोपू नका, कारण जळती वात उंदीर ओढून नेईल आणि सारे गवत पेटेल. एकदा आग लागली म्हणजे मागाहून कोणाच्या माना मारल्या तरी गवताची काडी परत मिळणार नाही, असेही महाराज बजावतात. काही दिवसांतच सिंहासनावर बसणारा राजा दिव्याची वात आणि उंदीर यांचा विचार करतो, याचे वाचकाला प्रथम नवल वाटते. परंतु या पत्राचे खरे सामर्थ्य निराळेच आहे. हुकूम देणाऱ्याने येथे हुकमाचे कारण सांगितले आहे, आणि ते कारण ज्याने हुकूम पाळावयाचा त्याच्या डोळ्यांना दिसेल अशा गोष्टींतून सांगितले आहे. प्रजापालनाचा उपदेश जुमलेदाराच्या कानावरून गेला असता. घोडे, गवत, भाकर आणि उंदीर ही तर त्याच्या रोजच्या जगातील. कारण कळलेल्या माणसाला पुढचे पाऊल कसे टाकावे हे प्रत्येक वेळी विचारावे लागत नाही. पत्रात न लिहिलेला प्रसंग आला, तरी धन्याला काय हवे आहे हे तो ओळखू शकतो.

सौम्य समजुतीने काम भागत नसेल तेथे महाराजांची लेखणी तिखटही होत असे. प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला १६७५ च्या जानेवारीत लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह देण्यासाठी समुद्रात पद्मदुर्ग उभा राहत होता. तेथील आरमाराचे अधिकारी दौलतखान आणि दर्यासारंग यांना पैसा व धान्य पुरविण्याची आज्ञा सुभेदाराला झाली होती. ऐवज पोहोचला नाही. त्यावर महाराजांनी जी कानउघाडणी केली तीत रागाचा पारा चढलेला स्पष्ट दिसतो : सिद्दीने काही देऊन तुम्हाला आपलेसे केले असावे असा संशय घ्यावा लागतो; अशा चाकरास शासन केलेच पाहिजे; तुम्ही ब्राह्मण म्हणून कोणी गय करील या भ्रमात राहू नका. शब्द कठोर आहेत, पण मोघम नाहीत. कोणते काम सांगितले होते, ते कोणाला पोहोचावयाचे होते, न पोहोचल्यामुळे कोणता किल्ला संकटात आला, हे सारे त्यात नेमके आहे. या पत्राने सुभेदाराला भय वाटले असेल; आपले काय चुकले याविषयी संदेह मात्र राहिला नसेल.

भाषेचा प्रश्नही महाराजांनी हाती घेतला होता. रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या राज्यव्यवहारकोशात दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिलेले आहेत. नव्या सिंहासनाला साजेशी राजभाषा घडविण्याचा तो मोठा उद्योग होता. तरीही छावणीतल्या हवालदाराला लिहिताना महाराजांच्या कचेरीने त्याच्या तोंडी रुळलेलेच शब्द वापरले. आणि पुढे पेशवाईच्या अखेरपर्यंत फडणीस, चिटणीस, दफ्तर, अर्जी, हुजूर हे शब्द दैनंदिन कारभारातून गेले नाहीत. कोश राजसभेसाठी होता, पत्र शिपायासाठी. ज्याला वाचावयाचे त्याला समजेल ते लिहावे, हा व्यवहार त्या लेखकांनी कधी सोडला नाही.

हुकमाबरोबर कारण सांगण्याची ही रीत पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही आढळते. शिवाजी, संभाजी, राजाराम आणि ताराबाई यांच्या राजवटी पाहिलेल्या या मुत्सद्द्याने १७१५ च्या सुमारास कोल्हापूरच्या गादीसाठी हा राजनीतीचा ग्रंथ सिद्ध केला. आरमारासाठी लाकूड तोडण्याचा प्रसंग आला म्हणजे रयतेच्या आंब्याफणसांना हात लावू नये, असे अमात्य सांगतात, आणि लगेच त्याचे कारण देतात : ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही, आणि रयतेला पीडा देऊन केलेले काम शेवटी करणाऱ्यालाच घेऊन बुडते. एखादे झाड जीर्ण झालेले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन न्यावे. कायदा सांगावयाचा आणि त्यामागचे दुःखही सांगावयाचे, ही अमात्यांची पद्धत. असा नियम मोडताना हात कचरतो.

पत्र लिहिणे हे त्या काळी एकट्याचे काम नव्हते. त्याची एक पुरती व्यवस्था होती. चिटणीस मसुदा करीत असे, धनी तो ऐकून संमती देत असे, कारकून साफ नक्कल उतरीत असे, आणि ओली शाई टिपण्यासाठी तीवर बारीक वाळू शिंपडली जात असे. मजकूर संपला तेथे मोर्तब, म्हणजे शेवटची मुद्रा, उमटवीत. मुद्रेच्या पुढे लिहिलेले ग्राह्य नाही, एवढाच तिचा अर्थ. ‘लेखनसीमा’ हा शब्द याच सावधगिरीतून आला. ‘ध’ चा ‘मा’ ही आख्यायिका महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला, आणि ‘धरावे’ या हुकमाचे ‘मारावे’ कोणीतरी केले, असे लोक सांगू लागले. या कथेला निर्विवाद पुरावा नाही. परंतु एका अक्षरावर माणसाचा प्राण अवलंबून असू शकतो, हे त्या समाजाला किती तीव्रतेने जाणवत होते, याची साक्ष ती कथा देते.

मायन्याचेही असेच. हेमाद्री पंडिताच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या मेस्तकांपासून पत्राच्या आरंभाचे नियम ठरत आले होते. वडिलांना शिरसाष्टांग नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद, सरदाराला दंडवत किंवा रामराम. कोणाला ‘राजमान्य राजश्री’, कोणाला ‘अखंडित लक्ष्मी आलंकृत’. शेवटही तसाच तोलून केलेला : हाताखालच्या माणसाला ‘जाणिजे’, बरोबरीच्याला ‘बहुत काय लिहिणे’. आजच्या वाचकाला हा शब्दांचा पसारा कंटाळवाणा वाटतो. वस्तुतः तो पसारा नव्हता. पत्र उघडताच पहिल्या ओळीत वाचणाऱ्याला आपले स्थान कळे, आणि ते राखले गेले आहे असे दिसल्यावर पुढचा कडू मजकूर तो शांतपणे वाची. मायन्यात एक पायरी कमी झाली म्हणून सरदार बिथरत, हे तेव्हाचा प्रत्येक चिटणीस जाणून होता.

या पत्रांतील आणखी एक सवय विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. उत्तर लिहिणारा प्रथम आलेल्या पत्राचा मजकूर आपल्या शब्दांत पुन्हा लिहितो : आपण अमुक तारखेचे पत्र पाठविले, ते पावले, त्यात अमुक लिहिले ते कळले. त्यानंतर ‘ऐसियास’ म्हणून तो आपले म्हणणे मांडतो. यामुळे पत्र लांबते हे खरे, परंतु आपले म्हणणे दुसऱ्याने नेमके कसे घेतले हे लिहिणाऱ्याला कळते, आणि चूक असेल तर पुढच्याच पत्रात दुरुस्त करता येते. पत्र हाती पडलेल्या दिवसाची नोंदही घेणारा त्यावर करून ठेवी. निराळ्या विषयाला निराळी पुरवणी जोडीत, म्हणजे हिशेबाचा कागद हिशेबनीसाकडे आणि गुप्त मजकूर धन्याकडे जावा. जासूद आणि सांडणीस्वार यांच्या पायांवर चालणाऱ्या त्या जगात एका गैरसमजाची किंमत महिन्यांनी मोजावी लागे. म्हणून ही दक्षता.

एवढी व्यवस्था असूनही एका प्रसंगी ती पुरी कोसळली. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, आणि पानिपतच्या मोहिमेतील पत्रे महाराष्ट्राला प्रथमच वाचावयास मिळाली. १७६० च्या मार्चमध्ये सदाशिवरावभाऊ दक्षिणेतून निघाले. ऑगस्टात दिल्ली घेतली, ऑक्टोबरात कुंजपुरा. त्यानंतर अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून अलीकडे आला आणि नोव्हेंबरापासून दोन्ही फौजा पानिपतावर समोरासमोर अडकल्या. या सर्व काळात भाऊसाहेब गोविंदपंत बुंदेल्यांना पत्रामागून पत्र लिहीत होते. बुंदेलखंड आणि अंतर्वेद येथील मामलत गोविंदपंतांकडे होती. पैसा पाठवा, नावा जमवा, सुजाउद्दौल्याला अब्दालीकडे जाऊ देऊ नका, अब्दालीची रसद तोडा, असा पत्रांचा भडिमार चालला होता.

भाऊसाहेब मोठे कर्तृत्ववान, हिशेबाला कडक, स्वतः अहोरात्र खपणारे. त्यांच्या मागण्या चुकीच्या नव्हत्या. परंतु ही पत्रे एकामागून एक वाचीत गेले म्हणजे असे दिसते की, आज्ञा वाढत जाते, स्वर चढत जातो, आणि गोविंदपंतांच्या अडचणींना त्यांत फारशी जागा मिळत नाही. गोविंदपंत वयाने थकलेले, वसुलीच्या कामात मुरलेले. धावत्या लढाईची त्यांना सवय नव्हती. अब्दाली आल्याची वार्ता पसरताच अंतर्वेदीतील जमीनदार वसूल देईनासे झाले. पावसाने यमुना फुगलेली. अशा माणसाकडून यांतले काय होण्यासारखे आहे आणि काय नाही, हे दोघांनी मिळून ठरविण्याची वेळ निघून गेली. सुजा जुलैतच अब्दालीला मिळाला होता. अखेर गोविंदपंतांनी अंतर्वेदीत शिरून अब्दालीच्या रसदेला हात घातला. त्याचा परिणामही दिसू लागला होता. इतक्यात डिसेंबरात अफगाण स्वारांनी त्यांना अचानक गाठले आणि ते मारले गेले. मराठ्यांचा पुरवठा तुटला तो तुटलाच.

मसलतीतही असेच घडले. बुणगे आणि जड सामान मागे सुरक्षित ठेवावे, आपल्या जुन्या रीतीने शत्रूला हलक्या घोड्यांनी जेरीस आणावे, असा सल्ला सूरजमल जाटाने आणि मल्हारराव होळकरांनी दिल्याचे समकालीन वृत्तांत सांगतात. भाऊंचा भरवसा इब्राहिमखान गारद्याच्या तोफांवर होता. दोन्ही बाजूंना आपापली कारणे होती, आणि कोणता मार्ग बरोबर यावर आजही अभ्यासक वाद घालतात. परंतु सल्ला मानावयाचा नसेल तरी सल्ला देणाऱ्याची समजूत घालावी लागते. ती घातली गेली नाही. सूरजमल रुसून निघून गेला, आणि जे राहिले त्यांना भाऊंची योजना पूर्णपणे पटली नव्हती. १४ जानेवारी १७६१ या दिवशी गोल बांधून, तोफांच्या आडोशाने शत्रूची फळी फोडून बाहेर पडावयाचे, असा बेत होता, असे त्र्यंबक शंकर शेजवलकर यांनी आपल्या ग्रंथात दाखविले आहे. गारद्यांच्या तोफा रोहिल्यांची फळी भाजून काढीत असताना काही मराठे सरदारांचे घोडदळ आवरले नाही. ते पुढे घुसले, तोफांच्या माऱ्याच्या आड आले, आणि गोल फुटला. त्या सरदारांच्या शौर्याविषयी शंका नाही. आपल्या जागेवर उभे राहणे हेच आज शौर्य आहे, एवढे त्यांच्या गळी उतरले नव्हते.

पुण्याकडे बातमीचा ओघ याआधीच आटला होता. अब्दालीने वाटा धरल्यामुळे भाऊंची पत्रे दक्षिणेकडे येईनाशी झाली. नानासाहेब पेशवे फौज घेऊन उत्तरेस निघाले आणि जानेवारीच्या अखेरीस माळव्यात भेलशाच्या आसपास पोहोचले. तेथे एका सावकाराचा कासीद त्यांच्या माणसांना सापडला. त्याच्याजवळच्या चिठ्ठीत व्यापाराच्या सांकेतिक भाषेत मजकूर होता : दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गमावल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला याची गणती नाही. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊ. मोहरा म्हणजे नामांकित सरदार. खुर्दा म्हणजे घरोघरची माणसे. मायने, मुद्रा, मोर्तब यांनी सजलेल्या दरबारी डाकेला जे कळविता आले नाही, ते एका सावकाराच्या चिठ्ठीने कळविले. दिल्लीच्या पेढीने दक्षिणेतल्या पेढीला खरे काय ते ताबडतोब सांगितलेच पाहिजे, नाही तर हुंड्या बुडतात. या व्यवहारात वाईट बातमी दडविणे परवडत नाही. नानासाहेब त्या धक्क्यातून सावरले नाहीत. २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर त्यांचे देहावसान झाले.

वाईट बातमी आणि कडू सत्य वर पोहोचावे, यासाठी धन्याच्या ठिकाणी ऐकण्याची तयारी हवी आणि सांगणाऱ्याच्या ठिकाणी धैर्य. पानिपतानंतर वयाच्या सोळाव्या वर्षी गादीवर आलेल्या माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दीत ही दोन्ही एकत्र आली. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या इतिहासात रामशास्त्री प्रभुणे यांची एक हकीकत दिली आहे. तरुण पेशवे जपजाप्यात रमू लागले होते. रामशास्त्री कामासाठी गेले, तेव्हा श्रीमंत जपाला बसले होते. शास्त्री परत फिरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी काशीला जाण्याची परवानगी मागितली. पेशव्यांनी झाल्या गोष्टीबद्दल दिलगिरी दाखविली, पण आपला जप हे पुण्यकर्मच आहे असे समर्थनही केले. त्यावर शास्त्र्यांचे म्हणणे असे की, ब्राह्मणाने राज्य पत्करले आहे, तेव्हा प्रजेचे काम पाहणे हाच त्याचा धर्म. ते करावयाचे नसेल, तर राज्य सोडून आपण दोघेही गंगातीरी जाऊ. माधवरावांनी हा बोल मनाला लावून घेतला आणि जप बंद करून कारभारात लक्ष घातले.

या हकीकतीत रामशास्त्र्यांची निस्पृहता सर्वांनाच दिसते. माधवरावांची योग्यताही तितकीच पाहण्यासारखी आहे. ते शीघ्रकोपी म्हणून ख्यात होते. असा धनी एकदा रागावला की पुढे कोणी तोंड उघडीत नाही, आणि मग त्याला सगळे आलबेल असल्याचेच ऐकू येते. माधवरावांनी एका न्यायाधीशाचे कठोर बोलणे ऐकून घेतले. ते ऐकले गेले हे दरबारातील प्रत्येक माणसाने पाहिले असेल. पानिपताने खचलेले राज्य अवघ्या ११ वर्षांत पुन्हा उभे राहिले, त्याच्या अनेक कारणांत या ऐकण्याचीही गणना करावी लागेल. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे माधवराव वारले. वर्षभराने नारायणरावांच्या खुनाच्या प्रकरणी देहान्त हेच प्रायश्चित्त, असा निर्णय रघुनाथरावांच्या तोंडावर देऊन रामशास्त्री पुणे सोडून गेले. आता तेथे ऐकणारा कोणी उरला नव्हता.

पत्र कितीही चांगले लिहिले, तरी त्याला मर्यादा असते. उत्तर पेशवाईतील नाना फडणीस आणि महादजी शिंदे यांचा संबंध हे त्याचे बोलके उदाहरण आहे. दोघेही पानिपतातून वाचलेले. एकाने पुण्यात लेखणीने, दुसऱ्याने उत्तरेत तलवारीने मराठी राज्य सावरले. नानांच्या बातमीपत्रांची ख्याती सर्व हिंदुस्थानभर होती. दरबारोदरबारचे वकील त्यांना खडान्‌खडा माहिती पुरवीत. तरीही या दोघांमधील अंतर पत्रांनी कमी झाले नाही, उलट वाढले. १७८७ मध्ये लालसोटच्या लढाईनंतर महादजी संकटात सापडले आणि पुण्याहून कुमक मागू लागले. कुमक येण्यास विलंब झाला, आणि आली तीही मनातील किल्मिषासह. नाना हिशेब मागत, महादजी झालेल्या खर्चाचा आकडा पुढे करीत. प्रत्येक पत्र मायन्याने निर्दोष होते, आणि प्रत्येक पत्राने संशय वाढत होता. कागदावर माणसाचा चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही; संशयी मन मोकळ्या जागा आपल्याच शाईने भरून काढते.

अखेर १७९२ च्या जूनमध्ये महादजी स्वतः पुण्यास आले. बादशहाकडून मिळालेली वकील-इ-मुतलकीची वस्त्रे पेशव्यांना अर्पण करावयाची, हे निमित्त. पहिल्या भेटीत हिंदुस्थानचा हा सर्वांत प्रबळ सेनापती दरबारात खाली बसला आणि काखेतून आणलेला जोड्यांचा नवा जोड त्याने तरुण सवाई माधवरावांच्या पायांशी ठेवला. धन्याचे जोडे सांभाळणे हेच आपल्या घराण्याचे काम, असा त्याचा आशय, असे सांगतात. यात मुत्सद्देगिरी किती आणि भक्ती किती, याचा हिशेब कोणी केलेला नाही. पण त्या एका कृतीने पुणेकरांच्या मनातील जी शंका फिटली असेल, ती पन्नास पत्रांनी फिटली नसती. नानांशी मात्र तंटा चालूच राहिला. खर्चाचा हिशेब, होळकरांशी भांडण, परस्परांचे भय, सारे एकदा समोरासमोर निघाले. हरिपंत फडक्यांसारख्या उभयतांच्या विश्वासातील माणसाने मध्यस्थी केली, आणि १७९३ मध्ये सलोखा झाला. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीच्या छावणीत महादजी वारले. पुढच्या वर्षी मार्चमध्ये खर्ड्याच्या रणांगणावर सारे मराठे सरदार एका निशाणाखाली एकत्र आले, ते शेवटचेच. महादजी पाच वर्षे आधी पुण्यास येते तर काय झाले असते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला चुटपुट लावून जातो.

शिवछत्रपतींपासून नाना फडणिसांपर्यंतच्या सव्वाशे वर्षांच्या या कागदांत राज्यकर्त्यांप्रमाणेच कचेरी, कारखाना, शाळा किंवा रुग्णालय सांभाळणाऱ्या कोणालाही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. जासूद आणि सांडणीस्वार गेले. निरोप आता क्षणात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचतो. परंतु निरोप पोहोचणे आणि तो उमगणे यांतील अंतर पूर्वी होते तेवढेच आहे. हाताखालच्या माणसाला काम सांगताना त्याचे कारण सांगितले काय, त्याच्या रोजच्या जगातील शब्दांत सांगितले काय, त्याने काय ऐकले ते त्याच्या तोंडून पुन्हा ऐकले काय, त्याची अडचण वेळेवर विचारली काय, वाईट बातमी आणणाऱ्याला निर्भयपणे बोलता आले काय, आणि पत्रांनी गाठ घट्ट होत चालली तेव्हा आपण होऊन त्याच्या भेटीला गेलो काय, हे प्रश्न आजही जसेच्या तसे आहेत.

चिपळूणच्या छावणीतील त्या जुमलेदाराने महाराजांचे पत्र वाचून किंवा कारकुनाकडून वाचवून घेतले असेल. रात्री पथारीवर पडण्यापूर्वी गवताच्या गंजीकडे त्याची नजर गेली असेल, जळती वात ओढीत नेणारा उंदीर त्याच्या डोळ्यांपुढे आला असेल, आणि उठून त्याने दिवा मालविला असेल. हुकूम पोहोचला, तो त्या वेळी.